न आलेल्यांची यादी

शनिवारी दुपारी ओपीडी आटोपली की मी औषधखिडकीची झडप ओढून घेतो आणि कार्डांचा खोका पुढ्यात घेऊन बसतो. बीपीच्या प्रत्येक पेशंटचं एक जाड कागदाचं कार्ड असतं. नाव, वाडी, फोन नंबर, कोणती गोळी किती मिलिग्रॅमची, आणि महिन्या महिन्याचं रीडिंग. जो येऊन गोळ्या घेऊन गेला त्याचं कार्ड पुढच्या महिन्याच्या खणात सरकतं. जे कार्ड जागचं हललेलं नाही, ते माझं शनिवारचं काम. आता हीच माहिती मोबाइलच्या ॲपमध्येही दिसते, तारीख उलटलेल्यांची नावं आपोआप वर येतात. तरी मी कार्डं सोडलेली नाहीत. हातात आलेलं कार्ड बाजूला सारायला जीव होत नाही. पडद्यावरचं नाव बोटानं सरकवलं की गेलं.

कोयनेच्या खोऱ्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषधनिर्माण अधिकारी आहे. ही कागदावरची ओळख. खिडकीपलीकडची माणसं मला ‘गोळ्यावाले भाऊ’ म्हणतात, म्हातारी माणसं अजून कंपाउंडर म्हणतात. नोकरीला चोवीस वर्षं झाली. बीपीबद्दल जे काही खरं कळलं ते मला या खोक्यानं शिकवलं, आणि खोका यायच्या आधीची बरीच वर्षं मी ते न कळता काढली.

आपला दवाखाना आलेल्या माणसासाठी उभा केलेला आहे. ताप आला, पोटात दुखलं, विंचू चावला, की माणूस येतो. केसपेपर निघतो, डॉक्टर बघतात, मी गोळ्या देतो. रजिस्टरात त्याची ओळ पडते. माणूस आला नाही म्हणजे त्याला बरं वाटलं, असं आम्ही धरून चालतो, आणि तापाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. बीपीचं उलटं आहे. बीपी दुखत नाही. १७०ला माणूस भाताची रोपं उपटतो, जत्रेत पालखी खांद्यावर घेतो, रात्री गाढ झोपतो. त्याला दवाखान्यात आणणारं काहीच त्याच्या अंगात नसतं. म्हणून या आजारात न आलेला माणूस हाच खरा पेशंट. त्याची ओळ मात्र कुठल्याच रजिस्टरात पडत नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या तालुक्यात होतो. बीपीच्या गोळ्या पाच दिवसांच्या द्यायची तिथली पद्धत होती. साठा कमी, पेशंट जास्त, सगळ्यांना थोडं थोडं मिळावं असा हिशेब. डोंगरावरच्या एका वाडीतून एक तात्या यायचे. दीड तास उतरायचं, मग एसटी, मग रांग, आणि माझ्याकडून पाच गोळ्या. परतीची एसटी चुकली की दिवस गेला. तरी ते येत. दर पाच-सहा दिवसांनी येत. खिडकीच्या गजांतून हात आत घालून म्हणायचे, “भाऊ, तेवढी हिरव्या पाकिटातली.”

एका पावसाळ्यात हिरवं पाकीट संपलं. मी म्हणालो, “संपल्यात तात्या, पुढच्या आठवड्यात बघा.” पुढच्या आठवड्यात ते आले. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात ते आले की नाही, हे मला आठवत नाही. इतक्या वर्षांनी सलतं ते हेच, की मला आठवत नाही. माझ्यासमोर रोज दीडशे हात त्या गजांतून आत यायचे. एक हात यायचा थांबला तर ते मला कळणार कसं?

गौरी-गणपतीच्या आसपास त्यांना जीपमधून आणलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवरून घसरून खाली लोंबत होता. डॉक्टरांनी पुढं पाठवायची चिठ्ठी लिहिली. जीप वळेपर्यंत त्यांची बायको माझ्या खिडकीशी आली. तिनं कमरेच्या पिशवीतून एक रिकामी स्ट्रिप काढली. नीट घडी घातलेली, चांदीचा कागद बोटानं सपाट केलेला. दुकानात दाखवता यावी म्हणून ती जपून ठेवली होती. म्हणाली, “हीच मिळंना झालीया म्हनत हुते.”

गोळ्या थांबल्या म्हणूनच हे झालं, अशी सरळ रेघ मी ओढणार नाही. वय होतं, तंबाखू होती. पण ती रिकामी स्ट्रिप मी विसरू शकलेलो नाही. आणि ‘पुढच्या आठवड्यात बघा’ हे वाक्य त्यानंतर माझ्या तोंडून सहज निघालेलं नाही.

गोळ्या संपायच्या का, हे खिडकीच्या आतल्या बाजूला बसल्याशिवाय कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वर्षाची मागणी करताना आम्ही मागच्या वर्षीचा खप बघायचो आणि त्यावर थोडी टक्केवारी वाढवून मागायचो. मागच्या वर्षी चार महिने गोळीच नव्हती, तर खप आठ महिन्यांचा दिसणार. मग या वर्षी मागणीही तेवढीच. म्हणजे जितका तुटवडा, तितकी पुढच्या वर्षीची मागणी कमी, आणि तितका पुढचा तुटवडा पक्का. हे चक्र कुणाच्या वाईटपणामुळं फिरत नव्हतं. आम्ही गोळ्या मोजत होतो, माणसं मोजत नव्हतो.

त्यात गोळ्यांची खिचडी. एक डॉक्टर ॲटेनोलॉल लिहायचे, त्यांची बदली झाली की नवीन आलेले एनालाप्रिल. एका कपाटात एकाचा साठा पडून मुदत संपायची, दुसरीची वाट बघत माणसं परत जायची.

नोव्हेंबर २०१७मध्ये देशात रक्तदाब नियंत्रणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. केंद्राचं आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारं यांनी मिळून तो आखला. सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि आपल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्ध्याबरोबर आमचा सातारा. प्रशिक्षणाला गेलो तेव्हा मनात फारशी आशा नव्हती, खरं सांगतो. प्रशिक्षणं खूप बघितली होती. पण तिथं पडद्यावर जे आलं ते पाहून मी सरसावून बसलो. सगळ्यांसाठी एकच पायऱ्यांचा तक्ता. पहिली पायरी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. महिन्यानं बीपी १४०/९०च्या खाली आलं नाही, तर टेल्मिसार्टन ४०ची जोड. मग त्यांचे डोस वाढवायचे. तरीही नाही आलं तर क्लोरथॅलिडोन. त्यापुढं तज्ज्ञाकडं. गरोदर बाईला किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईला टेल्मिसार्टन द्यायचं नाही, हे त्यात ठळक.

डॉक्टरांपैकी काहींना तो तक्ता आवडला नाही. प्रत्येक पेशंट वेगळा असतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण मला त्या तक्त्यात माझं कपाट दिसत होतं. तीन औषधं, ठरलेल्या ताकदीची. आता मला हिशेब करता येणार होता. ४०० माणसं ॲम्लोडिपिनवर असतील तर महिन्याला १२,००० गोळ्या, तिमाहीला ३६,०००, आणि मागणी केल्यापासून माल येईपर्यंतच्या दिवसांचा राखीव साठा वेगळा. हा पोरासोरांचा गुणाकार आहे. पण तो करायला आधी ४०० माणसं आहेत हे माहीत असावं लागतं, आणि ते कार्डांमुळं माहीत झालं. सरकारी खरेदीत ॲम्लोडिपिनची एक गोळी काही पैशांना पडते. तेवढ्या पैशांच्या गोळीसाठी तात्या दिवस मोडून येत होते.

डी. फार्म.ला असताना आम्हाला सर्पगंधेचं मूळ हातात देऊन ओळखायला लावायचे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये याच मुळीचा रक्तदाबावर काय परिणाम होतो ते लिहिलं आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष तिकडं गेलं. १९५७ साली त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. त्यातून निघालेलं रेसर्पिन पुढं मागं पडलं, त्याहून चांगली औषधं आली. पण मला राहून राहून वाटतं, की बीपीच्या औषधाची वाट इतक्या लवकर आपल्याच मुंबईतून गेली होती, आणि त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी आमच्या डोंगरातला माणूस गोळी नाही म्हणून परत जात होता. मधलं अंतर शास्त्राचं नव्हतं. ते माझ्या कपाटापासून त्याच्या वाडीपर्यंतचं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली रक्तदाबावर जगाचा अहवाल काढला. त्यात भारताचे आकडे आहेत. ३० ते ७९ वयाच्या, बीपी असलेल्या १०० माणसांपैकी ३७ जणांना आपल्याला बीपी आहे हे माहीत आहे. ३० जण उपचार घेतात. १५ जणांचं बीपी आटोक्यात आहे. हे आकडे मी आमच्या कार्डांच्या टेबलावर लिहून चिकटवले आहेत. सगळ्यांचं लक्ष पहिल्या आकड्याकडं जातं: ६३ जणांना माहीतच नाही, शिबिरं घ्या, तपासा. १७ मे हा जागतिक उच्च रक्तदाब दिन, त्या दिवशी तर मंडपच पडतात. तपासणी हवीच, तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची हवी. पण मला शेवटचे दोन आकडे जास्त अस्वस्थ करतात. ३० जण आमच्यापर्यंत पोचले, आमच्या गोळ्या गिळल्या, आणि त्यांतल्या निम्म्यांना त्याचा उपयोग होत नाही. जे १५ आमच्या हातात असून सुटले, त्यांचं उत्तर आम्हीच द्यायला हवं. ज्याला पुढच्या महिन्याची गोळी द्यायची आपली तयारी नाही, त्याला मंडपात बसवून ‘तुम्हाला बीपी आहे’ एवढं सांगून घरी पाठवणं मला अन्यायाचं वाटतं.

त्या १५ जणांचं काय होतं, ते मी खिडकीतून बघितलं आहे. माणूस येतो. सिस्टर पट्टा बांधतात, १५२/९४. डॉक्टर विचारतात, कसं वाटतंय? “बरं हाय.” मग चालू ठेवा. पुढच्या महिन्यात १५६. “बरं हाय.” चालू ठेवा. असं वर्षभर चालतं. माणूस नियमित येतो, नियमित गोळी घेतो, आणि त्याचं बीपी वर्षभर १५०च्या वर. कुणाचीच चूक दिसत नाही. गर्दी असते, माणूस हसून बोलतो, आणि एक गोळी वाढवायची म्हटलं की त्याचं तोंड उतरतं, म्हणून डॉक्टरांचाही हात थांबतो. आता आमच्याकडं रीडिंग १४०/९०च्या वर आलं की सिस्टर कार्डावर लाल खूण करतात. ती खूण घेऊन माणूस माझ्यापर्यंत पोचला आणि गोळी तीच असली, तर मी त्याला बाकावर बसवतो आणि आत जाऊन डॉक्टरांना विचारतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. डॉक्टर वयानं माझ्या मुलाएवढे, पण डॉक्टर ते डॉक्टर. त्यांनी कार्ड बघितलं, पायरी वाढवली आणि म्हणाले, “काका, असंच विचारत जा.” त्यांची ही एक गोष्ट मी कायम लक्षात ठेवेन.

रीडिंगवर मात्र भरवसा हवा. आधीचे रजिस्टर काढून बघा, १३०/८०, १४०/९०, १३०/८०, पानंच्या पानं. माणसाचं रक्त असं शून्यावर येऊन थांबत नाही. घाईत कान लावून जवळचा सोपा आकडा लिहिला जायचा. आता डिजिटल मशीन १३७ दाखवतं तर १३७च लिहायचं. पण मशीनही माणसाच्या बसण्यावर अवलंबून. एक आक्का आहेत, वरच्या वाडीतून चढ-उतार करून येतात. आल्या आल्या मोजलं तर १७४. तोंडात मशेरी, पाय आडवा टाकलेला, हात लोंबता, आणि सिस्टरशी सुनेबद्दल बोलणं चालू. सिस्टरनी त्यांना चूळ भरायला लावली, लघवीला जाऊन या म्हणाल्या, मग पाठ टेकेल अशा खुर्चीत बसवलं. दोन्ही पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला. तंबाखू पोटात गेली की अर्धा तास तरी थांबायला हवं, म्हणून अर्धा तास बसवलं. त्यांना गप्प बसवणं हेच अवघड होतं. मग मोजलं: १५१. आक्का म्हणाल्या, “बगा, म्या म्हनलं नव्हतं, चढून आले म्हनून वाढलंय.” सिस्टर म्हणाल्या, “आक्का, चढण्याचे तेवीस गेले. एकशे एक्कावन्न तुमचेच आहेत.” त्या दिवशी आक्कांनी पहिल्यांदा आपला आकडा पाठ केला. आता येताना रस्त्यातच मशेरी थुंकून येतात. मशेरी सोडलेली नाही, ते आमचं चालू आहे.

खाण्याचंही तसंच. ‘मीठ कमी करा’ असं म्हटलं की सगळे मान हलवतात. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा सपाट भरून, सगळं धरून, एवढीच जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. मग मी विचारतो, ताकात वरून मीठ घेता का? खर्डा किती वेळा? पावसाळ्यात सुकट असते का? सांडगी मिरची? एक एक करत माणूस स्वतःच मोजायला लागतो. लावणीच्या दिवसांत भाकरी, खर्डा आणि कांदा एवढंच जेवण असतं, तिथं खर्डा बंद करा म्हणायला जीभ रेटत नाही. त्यात मीठ निम्मं घाला म्हणतो. काही जणी तसं करतात.

गोळ्यांच्या स्वभावाविषयी मात्र मी कितीही वेळ बोलू शकतो, कारण माणसं गोळी सोडतात ती बहुतेकदा गोळीचा स्वभाव माहीत नसल्यामुळं. ॲम्लोडिपिन अंगातून फार सावकाश उतरते. निम्मी उतरायला ३० ते ५० तास लागतात. म्हणून एखाद्यानं गोळी बंद केली तर दुसऱ्या दिवशी काही होत नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग तो म्हणतो, बघा, गोळीची गरजच नव्हती. त्याच गोळीनं काहींच्या पायाला घोट्यापाशी सूज येते. चप्पल घट्ट होते, शेजारीण म्हणते मूत्रपिंड गेलं, आणि माणूस घाबरून सगळंच बंद करतो. पहिल्या दिवशीच एवढं सांगितलं, की पाय सुजले तर गोळी सोडू नका, इकडं या, डोस बदलता येतो, तर पुढचा पळ वाचतो.

टेल्मिसार्टनला ओल सोसत नाही. आमच्याकडं पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओला होतो. जुन्या सवयीनं गोळ्या फोडून कागदाच्या पुडीत बांधून दिल्या, तर पंधरवड्यात त्या मऊ पडतात. म्हणून मी ती स्ट्रिपमधून काढून देत नाही, आणि घरीही खायच्या वेळीच फोडा म्हणून सांगतो. एका आजीनं महिन्याच्या सगळ्या गोळ्या फोडून हळदीच्या जुन्या बरणीत ठेवल्या होत्या. नीटनेटकं काम करायचं म्हणून. पिवळ्या पडलेल्या गोळ्या तिनं मला ओंजळीत आणून दाखवल्या.

क्लोरथॅलिडोननं अंगातलं मीठ आणि पाणी लघवीवाटे जातं. सकाळी घ्यायची असते. बाया ती घेत नाहीत, आणि का घेत नाहीत हे पुरुषांनी विचारलं तर त्या सांगत नाहीत. सकाळी एसटीनं बाजारला जायचं, दिवसभर रानात बायकांबरोबर, आडोसा कुठं शोधायचा? आमच्या उपकेंद्रावरच्या सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी हे पहिल्यांदा ओळखलं. ज्या दिवशी बाहेर जायचं त्या दिवशी घरी आल्यावर घ्या, पण चुकवू नका, असं त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवून दिलं. कार्डावर हे कुठं लिहायला रकाना नाही. मी समासात लिहितो.

२०२०च्या टाळेबंदीत एसट्या बंद झाल्या तेव्हा आम्हाला वाटलं, आता सगळं मोडणार. पण झालं भलतंच. दोन दोन महिन्यांच्या गोळ्या बांधून, पाकिटावर नावं घालून आम्ही त्या उपकेंद्रांवर पाठवल्या, आशाताईंनी त्या दारात नेऊन दिल्या. कित्येकांची कार्डं त्या उन्हाळ्यात आधीपेक्षा जास्त नियमित भरली. डोंगर गोळीनं चढायचा असतो, सत्तर वर्षांच्या माणसानं नव्हे, हे आम्हाला साथीनं शिकवलं. आता महिन्याच्या महिन्याला गोळ्या उपकेंद्रावरच मिळतात, आणि बीपीची तपासणी बाजाराच्या दिवशी ठेवली आहे, कारण त्या दिवशी माणूस तसाही खाली उतरतो. पाच दिवसांच्या गोळ्या आता कुणालाही देत नाही. एका खेपेला किमान ३० दिवसांच्या.

२०२२ साली या देशव्यापी कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवरचा पुरस्कार मिळाला. त्या वेळी ३४ लाखांवर माणसं सरकारी दवाखान्यांतून उपचार घेत होती आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचं बीपी आटोक्यात होतं. पुढच्या वर्षी केंद्रानं साडेसात कोटी माणसांना बीपी आणि मधुमेहाच्या ठरलेल्या उपचारांवर आणायचं ठरवलं, २०२५ पर्यंत. बातमी वाचून मला आनंद झाला, डोळ्यांत पाणी आलं म्हणालो तरी चालेल. आणि त्याच शनिवारी खोक्यात न हललेली कार्डं होतीच.

मग मी फोन लावतो. निम्मे नंबर पेशंटचे नसतात, मुंबईतल्या मुलाचे असतात. “आईच्या गोळ्या? मी विचारतो काका.” तो आईला फोन करतो, आई शेजारणीच्या घरी असते. कारणं ठरलेली. लावणी चालू आहे. लेक बाळंतपणाला आलीय. बीपी गेला आता. कुणीतरी काढा दिलाय. गोळी एकदा लागली की सुटत नाही म्हणतात. या शेवटच्याला मी खाचराच्या बांधाचं सांगतो. बांध आहे म्हणून पाणी थांबलंय. पाणी थांबलं, आता बांध कशाला, म्हणून कुणी बांध फोडतं का? भात लावणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. कधी कधी फोनवर पलीकडं शांतता पडते आणि कळतं, की माणूस गेला. मग मी कार्डावर तारीख घालतो. ते कार्ड वेगळ्या खणात जातं. त्या दिवशी आणखी फोन करवत नाहीत.

सगळ्यात निसटतात ती मुंबईला गेलेली माणसं. आमच्या खोऱ्यातले कितीतरी पुरुष माथाडीत आहेत, घणसोली-कोपरखैरण्याला राहतात, चैत्रात जत्रेला येतात. दोन वर्षांपूर्वीच्या जत्रेत असाच एक जण आईला घेऊन आला. पंचेचाळिशीचा असेल. आईचं झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, तुम्हीही बसा. १७८/१०६. तो हसला. म्हणाला, पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतो, मला काय होतंय? दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, पुन्हा तेवढंच. गोळी सुरू केली. आठ दिवसांनी तो परत जाणार होता. मी त्याला महिन्याच्या गोळ्या दिल्या, कार्डाचा फोटो त्याच्या मोबाइलवर काढून दिला आणि सांगितलं, की तिकडं राहतोस तिथल्या नागरी आरोग्य केंद्रात हा दाखव, हीच गोळी तिथंही फुकट मिळेल. त्यानं मान हलवली. मला वाटलं, गेला हा.

महिन्यानं त्याचं कार्ड हललं नव्हतं, हलणारही नव्हतं. तरी मी फोन लावला. उचलला नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा लावला. मागं ट्रकचा आवाज, कुणाची तरी हाक.

“काका, गेलो होतो तिथं,” तो म्हणाला. “गोळ्या दिल्यात. पण ह्यांचं पाकीट निळं हाय. तुमचं हिरवं व्हतं. म्हनून अजून खाल्ली न्हाई.”

“किती दिवस झाले?”

“चार.”

मी म्हणालो, “पाकीट हातात घे. रंग बघू नको. मागं चांदीच्या बाजूला काय लिहिलंय ते वाच.”

तो कुठंतरी बाजूला गेला, आवाज कमी झाला. मग एक एक अक्षर लावत तो वाचायला लागला. “ॲम… लो… डि… पिन. पुढं पाच आहे.”

“तीच आहे,” मी म्हणालो. “आत्ता घे. पाणी आहे का जवळ?”

“हाय,” तो म्हणाला. बाटलीचं झाकण उघडल्याचं मला ऐकू आलं.